काही घेत नाही

साखरतर, रत्नागिरी
१२ नोव्हेंबर २०२१

आत्माराम भंडारी,

जहाजावरचा स्वयंपाक सोडून तुला इतकी वर्षं झाली, पण माझ्या तोंडी तू अजून भंडारीच. फोन करू नकोस असं मी बजावलं होतं ते रागाने नव्हे. इंजिनरूममध्ये तेलवाला म्हणून जन्म काढला आणि दोन्ही कान तिथेच ठेवून आलो. फोनवर नुसती गुणगुण ऐकू येते. मोबाईलवर काही लिहावं तर तो दिवसभर बहिणीच्या नातवंडांच्या हातात. तेव्हा आपलं पोस्टच बरं.

बातमी अशी की माझा निकाह ठरतोय. हसायचं तेवढं हसून घे. उझमा गेल्यापासून रेहानने कुवेतहून धोशा लावला होता, की अब्बा, तुम्ही एकटे आजारी पडलात तर मी तिकडून काय करू? बहिणीने हर्णैचं स्थळ आणलं. नाव फरीदा. नवरा लवकर वारला, मूल नाही, उर्दू शाळेत शिकवत होती. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. परवा बघून आलो. बाई शांत आहे, पण डोळ्यांत हसू आहे. मला फार आवडली. या वयात हे लिहिताना लाज वाटतेय, पण तुझ्यापाशी काय लपवायचं?

अडचण डोक्याची आहे. टोपी घालून गेलो होतो, म्हणून निभावलं. पण निकाहानंतर टोपी घालून झोपणार आहे का मी? गेल्या महिन्यात हातखंब्याला आपण चहा प्यायलो तेव्हा मी तुझ्या डोक्याकडेच बघत राहिलो होतो. दोन वर्षांपूर्वी तुझ्या टाळूवर आरसा लावल्यासारखा उजेड पडायचा, आता तिथे चांगलं रान उगवलंय. काय केलंस ते खरं सांग. कमळावहिनींना सलाम.

तुझा
फारुक


देवरूख
२० नोव्हेंबर २०२१

नवरदेव,

पत्र कमळाला वाचून दाखवलं नाही, पण मी एकटाच हसतोय म्हणून तिने विचारलं, "काय वो, याड लागलाय काय तुमाना?" मग सांगावंच लागलं. तिला आनंद झाला. लग्नाला येऊ.

आता केसांचं. रत्नागिरीच्या एका कातडीच्या डॉक्टरने मला गोळी लिहून दिली, फिनास्टराइड. रोज एक. नितेशचं हातखंब्याला औषधांचं दुकान आहेच, तो मला महिन्याच्या महिन्याला देतो. सोबत चार पट्ट्या पाठवतोय. संपल्या की कळव. नितेशला मात्र काही बोलू नकोस. तो फार नियमाचा माणूस, चिठ्ठीशिवाय बापालासुद्धा गोळी देत नाही. मी माझ्याच नावावर थोड्या जास्त घेईन.

सहा महिने धीर धर. आधी गळायचे थांबतात, मग उगवतात. आणि कुणी विचारलंच, तर आपलं बोटीवरचं उत्तर तुला पाठ आहेच.

भाभींना आमचा नमस्कार आत्तापासूनच.

आत्माराम


साखरतर
८ जुलै २०२२

आत्माराम,

लग्नात तुला नीट भेटता आलं नाही. तू वाढप्यांच्या मागे लागून बिर्याणीत मीठ बघत होतास, ते मी लांबून पाहिलं. सवय जात नाही.

केस टिकलेत. टाळूवर लव आली होती, तिचे आता केस झालेत. फरीदा रोज संध्याकाळी पडवीत बसवून तेल लावते आणि म्हणते, "या वयात एवढे केस कुणाचे असतात?" मी गप्प बसून ऐकतो. खोटं ऐकतोय हे कळतं, तरी ऐकावंसं वाटतं.

पण दुसरं एक आहे, आणि ते फक्त तुला लिहितोय. वाचून पत्र फाडून टाक. निकाहाच्या आधी मी म्हातारा नव्हतो, आत्माराम. तिच्या नुसत्या विचाराने झोप उडायची. आता ती शेजारी असते आणि मला काही म्हणजे काही वाटत नाही. इंजिन थंड. छातीही हुळहुळते, बनियन घासली तरी दुखते. मी कूस बदलून झोपेचं सोंग घेतो. तीही काही बोलत नाही. तिला वाटत असणार की माझं मन अजून उझमात आहे. तसं नाही हे तिला सांगायचं, तर मग कसं आहे ते सांगावं लागेल.

वयामुळे असेल का? तुझं काय?

फारुक


देवरूख
१९ जुलै २०२२

फारुक,

पत्र फाडलं. माझं काही बिघडलेलं नाही, पण तुझं वाचून मला राहवेना. मलाच तसं होतंय असं सांगून नितेशला विचारलं. बापाने मुलाला असं काही विचारणं म्हणजे काय असतं, ते माझं मला माहीत. तो बिचारा काउंटरमागे लाल झाला, पण त्याने समजावून सांगितलं.

पुरुषाच्या अंगातलं मुख्य हार्मोन म्हणजे टेस्टोस्टेरॉन. त्यातलं थोडं पुढे बदलून दुसरंच एक तयार होतं, डीएचटी. डोक्यावरच्या केसांच्या मुळावर उठतं ते हे दुसरं. गोळी हा बदल अडवते. मग डीएचटी निम्म्याहून खाली येतं आणि केस वाचतात. टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, उलट थोडं वाढतं. पण त्यातलंच काही बायकांच्या हार्मोनमध्येही बदलतं, म्हणून एखाद्याची छाती हुळहुळते. डीएचटी गेल्यामुळे एखाद्याची इच्छाही जाते. सगळ्यांना होत नाही, थोड्यांना होतं. गोळी बंद केली की बहुतेकांचं परत येतं. कुणाला वेळ लागतो.

तेव्हा तुझं वय नाही, गोळी आहे. बंद कर. केस जातील, जाऊ देत. भाभींनी तुझ्याशी लग्न केलंय, तुझ्या केसांशी नाही.

नितेश आणखी एक बोलला, की कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर ही गोळी चालू आहे म्हणून सांगा. तुला लिहून ठेवतोय.

आत्माराम


साखरतर
१६ फेब्रुवारी २०२३

आत्माराम,

रागावशील म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. गोळी मी बंद केली नाही. पावसाळ्यात पंधरवडाभर सोडली होती. तेल लावताना फरीदाच्या हातात केस आले, तर ती एकदम घाबरली. म्हणाली, "हे काय? बरं नाही का वाटत?" तिचा चेहरा बघून मी दुसऱ्या दिवसापासून परत सुरू केली. माझ्यातली हीच एक गोष्ट तिला आवडते, आत्माराम. दुसरं काही मी तिला देत नाही, हेही जाऊ दे म्हणू का?

आणि गोळीचा एक फायदा झालाय, ऐक. रात्री लघवीला सारखं उठावं लागायचं, ते पुष्कळ कमी झालं. तरी फरीदाने ऐकलं नाही आणि तपासणीला नेलं. डॉक्टर कोण, तर तिच्याच बहिणीची मुलगी, आलिया. मी तिचा खालू, म्हणजे मावशीचा नवरा. रत्नागिरीत नवीन दवाखाना काढलाय. पोरगी हुशार आहे, माझ्या कानाशी येऊन मोठ्याने बोलते. तिने विचारलं, "खालू, काही गोळ्या वगैरे घेता का?"

फरीदा बाजूला बसलेली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काही घेत नाही."

तुला हरिश्चंद्र आठवतो ना? कंपनीच्या मेडिकलमध्ये प्रेशरची गोळी घेतो म्हणून खरं सांगून बसला आणि बॅग घेऊन घरी गेला. परत कधी जहाज दिसलं नाही त्याला. तेव्हापासून आपण सगळे डॉक्टरसमोर रांगेत उभे राहून एकच उत्तर द्यायचो. इतकी वर्षं तेच बोलल्यावर जीभ दुसरं काय बोलणार?

असो. रक्त तपासलं. प्रोस्टेटची पीएसए म्हणून तपासणी असते, ती साडेतीन आली. चारच्या आत म्हणजे काळजी नाही, असं आलिया म्हणाली. येताना फरीदाने खुशीत कालवं घेतली. तेव्हा तू उगाच माझी काळजी करू नकोस, गोळ्या तेवढ्या पाठव.

फारुक


देवरूख
१० ऑक्टोबर २०२३

फारुक,

या वेळी गोळ्या पाठवल्या नाहीत, आणि यापुढे पाठवणारही नाही. कारण ऐक.

मागच्या आठवड्यात माझीही पीएसए काढली. नितेश सोबत होता. डॉक्टरांनी आकडा बघून ठीक आहे म्हटलं, तेवढ्यात नितेश म्हणाला, "हे फिनास्टराइड घेतात." डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तो आकडा दुप्पट धरला. ही गोळी वर्षभर घेतली की पीएसए खोटी खाली उतरते, जवळजवळ निम्मी. रोग आत तसाच असतो, नुसता आकडा लहान दिसतो. माझा दुप्पट धरूनही ठीक होता. पण मला तिथेच तुझे साडेतीन आठवले.

म्हणजे तुझे सात धर. आलियाला हे ठाऊक असणार, पण तू सांगितल्याशिवाय तिने दुप्पट कशासाठी करायची?

मी नितेशला त्याच रात्री सगळं सांगितलं. तो मला ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तुझं काही वाईट असेलच असं नाही. सात असलेले पुष्कळ जण ठणठणीत निघतात म्हणे. पण जा. उद्याच जा आणि सांग. भाभींसमोर नको वाटत असेल तर एकटा जा.

आत्माराम


साखरतर
४ नोव्हेंबर २०२३

आत्माराम,

भंडारी, तू भांड्याला उकळी फुटायच्या आत झाकण उडवतोस. मी अगदी मजेत आहे. रेहान सुट्टीवर आलाय, घर भरलंय. तो परत गेला की आलियाकडे जातो. एकटा जा म्हणतोस, पण तिच्या दवाखान्यात मी पाय टाकला की फरीदाला संध्याकाळपर्यंत कळतं. घरच्या डॉक्टरचं हे असंच असतं.

गोळ्या मी आता रत्नागिरीतूनच घेतो. कुणी चिठ्ठी विचारत नाही. तेव्हा तू त्या पापातून सुटलास.

कंबर जरा धरलीय. होडी ओढताना लचकली असणार. कमळावहिनींचं ते काळं तेल असेल तर पाठव. आणि हे बघ, फरीदाला काही लिहू नकोस. तुला आपल्या जुन्या दिवसांची शपथ.

फारुक


साखरतर
१४ मे २०२४

आत्माराम भाऊ,

मी फरीदा. तुम्ही डिसेंबरपासून पाठवलेली तिन्ही पत्रं मला आत्ता मिळाली. यांनी उघडून वाचली होती आणि उत्तर दिलं नव्हतं.

तुमच्या मित्राला मुंबईला नेलं होतं. ईद झाली आणि कंबर इतकी दुखायला लागली की उठता येईना. आलियाने कमरेचा एक्स-रे काढला, मग पुढचं सगळं झालं. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो कमरेच्या हाडात गेलाय. आता बरा होणार नाही, धरून ठेवता येईल, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी आलियासमोर त्यांनी स्वतःच तोंड उघडलं. अडीच वर्षांपासून केसांची गोळी घेतो म्हणाले. ती पोरगी खुर्चीत बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "खालू, मी विचारलं होतं ना तुम्हाला?" सव्वा वर्षापूर्वी कळलं असतं तर आजार हाडात न जाता आतल्या आत राहिला असता का, हे तिला कुणी नक्की सांगू शकत नाही. ती तरीही स्वतःलाच बोल लावते. तिची काही चूक नाही.

मी तुमच्यावर रागावले आहे. खोटं कशाला लिहू? तुम्ही दोघं म्हणजे नुसती वयाने मोठी झालेली मुलं. पण सगळं तुमच्यावर टाकता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ते मला बघायला आले तेव्हा निघताना वाऱ्याने त्यांची टोपी उडाली. मी माडीवरून बघत होते. चारी बाजूंना बघत त्यांनी ती घाईघाईने उचलली आणि डोक्यावर दाबली. मला इतकं हसू आलं. किती दिवसांनी हसले होते. खाली जाऊन भावाला सांगितलं, हो म्हणून कळवा. टक्कल मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग निकाहानंतर डोक्यावर केस दिसायला लागले. वाटलं, काहीतरी लावत असतील, आपल्यासाठीच करत असतील, कशाला विचारून ओशाळं करा? आणि ते माझ्यापासून लांब राहायला लागले. मला वाटलं, उझमाबाईंची आठवण जात नसेल. त्यात काय चूक? मी नणंदेकडे जाऊन उझमाबाईंच्या पद्धतीची सांदणं शिकून आले. त्या घालायच्या तशी वेलची जास्त घातली. म्हटलं, निदान ताटात तरी त्यांना आपलं वाटेल. ते मुकाट्याने खायचे आणि मी मुकाट्याने बघायचे.

तेल लावायला बसलं तरच ते जवळ बसत. एरवी काही कारण काढून उठून जात. म्हणून मी रोज केसांचं कौतुक करायचे. चार शब्द बोलले की आणखी थोडा वेळ बसतील, एवढंच मनात होतं. केस गळताना बघून घाबरले ते आजाराला घाबरले. माझा पहिला नवरा असाच हळूहळू झडत गेला होता. आणि ते समजले, मला केस हवेत.

भाऊ, माझ्या कौतुकापायी त्यांनी ती गोळी सोडली नाही. हे मी आता कुठे ठेवू?

फरीदा


देवरूख
२३ मे २०२४

भाभी,

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. आणखी रागावलात तरी चालेल. गोळी मी पाठवली, जुनं उत्तर दे असं विनोदाने मीच लिहिलं. पण त्याहून मला दुसरंच खातंय. देवरूखहून साखरतर किती लांब? सकाळच्या एसटीने निघालो असतो तर दुपारी तुमच्या पडवीत असतो. पत्रांना उत्तर येत नव्हतं तेव्हा मी चौथं पत्र लिहायला घेत होतो, गाडीत बसत नव्हतो. त्याने शपथ घातली होती म्हणून गप्प राहिलो असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे तुमच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती.

कौतुक कुठे ठेवू म्हणून तुम्ही विचारलंत. पण तुम्ही त्याला ते दिलंत, याचं मला बरं वाटतं.

परवा येतोय. नितेशही येतो म्हणतो.

आत्माराम


साखरतर
१९ जानेवारी २०२५

आत्माराम,

तू आता दर महिन्याला येतोस आणि येऊन नुसता बसून राहतोस. तोंडाने बोलायला गेलास तर मला ऐकू येत नाही, मी ओरडलो तर सगळी वाडी ऐकते. म्हणून जे बोलायचं ते लिहूनच काढतो.

पहिलं म्हणजे, तोंड पाडून येणं बंद कर. तू गोळ्या दिल्या नसत्यास तर मी दुसरीकडून घेतल्या असत्या, आणि घेतल्याच. आलियाला उत्तर तू दिलं नाहीस, मी दिलं. जहाजावर त्या उत्तराने नोकरी वाचायची. इथे कुठली नोकरी होती माझी? एका पोरीने मायेने विचारलं आणि मी तिला कंपनीचा डॉक्टर समजलो. तिच्याकडे बघितलं की मला फार वाईट वाटतं. ती अजून दर वेळी विचारते, "खालू, काही घेता का?" आणि मी पॅरासिटॅमॉलसुद्धा सांगतो.

तीन महिन्यांनी एक सुई घेतो. हा रोग टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, म्हणून सुई तेच बंद करते. तुझ्या गोळीने एक बाजू अडवली होती, सुईने मुळातच पाणी तोडलं. दुखणं कमी झालंय, चालता येतं. पण भर थंडीत अंगातून वाफा निघतात आणि घामाने गंजी भिजते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरलो. फरीदा वारा घालायला बसली आणि हसायलाच लागली. म्हणाली, "हे आम्हा बायकांत होतं. माझं संपलं, तुमचं सुरू झालं." मीही हसलो. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा अंथरुणात एवढे हसलो.

त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. उझमाचं काही नव्हतं, मन फरीदातच होतं, पण गोळीने इच्छा गेल्याची लाज वाटून मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. तिने सांदणांचं सांगितलं. आत्माराम, ती सांदणं मला आवडत नव्हती. उझमाच्या हातची तेव्हाही आवडत नव्हती. दोन वर्षं मी तिचं मन राखायला खात होतो आणि ती माझं मन राखायला करत होती. दोन वर्षं होती रे आमच्यापाशी. चांगली वर्षं होती ती, आणि मी ती डोक्यावर खर्च केली.

परवा आलियाने आणखी एक सांगितलं. ही सुई चालू असली की टक्कल पुढे सरकत नाही. म्हणजे हे केस आता गळणार नाहीत. आधी मीच जाणार. मी विनोद म्हणून फरीदाला सांगितलं, पण ती हसली नाही.

जुम्म्याच्या सकाळी मी न्हाव्याला घरी बोलावलं आणि म्हटलं, सगळे काढ. त्याला वाटलं मी मस्करी करतोय. पडवीत बसून डोकं चकोट करून घेतलं. तो गेला तशी फरीदा आली आणि तिने माझ्या उघड्या डोक्यावर हात ठेवला. माझी नमाजची वेळ होत आली होती, तरी मी उठलो नाही.

तुझा
फारुक